संगणकाच्या मेमरीतून हरवलेला मजकूर शोधणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे वाचताना शेजारी एखादा प्रोग्रॅम अडकून बसलाय आणि त्यात तुमचं सेव्ह न केलेलं लिखाण आहे, असं असेल तर तो प्रोग्रॅम बंद करू नका, संगणक रीस्टार्ट करू नका. सरळ दुसऱ्या प्रश्नावर जा. बाकीचं नंतर निवांत वाचता येईल.

१. मेमरी म्हणजे हार्ड डिस्कच ना?

नाही. 'मोबाइलची मेमरी फुल झाली' असं आपण म्हणतो तेव्हा ती साठवणीची जागा असते. इथे मेमरी म्हणजे रॅम. प्रोग्रॅम चालू असताना त्याचं सगळं काम रॅममध्ये चालतं आणि वीज गेली की ते जातं. तुम्ही टाइप केलेलं अक्षर आधी रॅममध्ये येतं. डिस्कवर ते सेव्ह केल्यावरच जातं. कधी कधी ऑटोसेव्हच्या कृपेने थोडं आधीही जातं.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. वर्डची डॉक्स (.docx) फाइल डिस्कवर झिप करून, म्हणजे दाबून ठेवलेली असते, त्यामुळे तिच्या कच्च्या बाइटमध्ये (साठवलेल्या नुसत्या आकड्यांत) एखादा शब्द शोधलात तर मिळणार नाही. तीच फाइल प्रोग्रॅममध्ये उघडी असली की मजकूर मेमरीत सुटा पडलेला असतो.

२. प्रोग्रॅम 'नॉट रिस्पॉन्डिंग' दाखवतोय आणि फाइल सेव्ह केलेली नाही. आत्ता काय करू?

अडकलेल्या प्रोग्रॅमची मेमरी जशीच्या तशी शाबूत असते. पडदा गोठलाय म्हणून मजकूर गेला असं होत नाही. तो जातो 'एंड टास्क' दाबल्यावर. घाईत तेच बटण दाबलं जातं, म्हणून हे इतक्यांदा सांगते.

विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, 'डिटेल्स'मध्ये जाऊन त्या प्रोग्रॅमवर राइट-क्लिक करा आणि 'क्रिएट डम्प फाइल' निवडा. नव्या विंडोजमध्ये याच पर्यायात 'मेमरी' हा शब्दही दिसतो. त्या प्रोग्रॅमच्या ताब्यातल्या मेमरीची नक्कल टेम्प फोल्डरात तयार होते आणि तिचा पत्ता तिथेच पडद्यावर दिसतो. फाइल शेकडो एमबीची, कधी काही जीबीची असते. डिस्कवर तेवढी जागा आहे ना, ते आधी बघा.

ब्राउझरमध्ये लिहीत होतात तर प्रत्येक टॅब बहुधा वेगळी प्रोसेस (चालू असलेला स्वतंत्र प्रोग्रॅम) असते, आणि टास्क मॅनेजरमध्ये क्रोमच्या वीस ओळी एकाच नावाने दिसतात. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर आहे. शिफ्ट धरून एस्केप दाबा. त्यात टॅबच्या नावापुढे प्रोसेसचा क्रमांक असतो. त्याच क्रमांकाचा डम्प घ्या.

लिनक्सवर 'जीकोर' ही आज्ञा प्रोसेसचा क्रमांक देऊन चालवा. ती जीडीबी या डीबगरसोबत (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या साधनासोबत) येते. परवानगी नाकारली तर आज्ञेआधी 'सुडो' लावून प्रशासकाच्या अधिकारांनी ती चालवावी लागेल, कारण उबुंटूसारख्या वितरणांमध्ये एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीत डोकावायला मुळात मनाई असते. ही मनाई चांगलीच आहे. कायमची काढून टाकू नका.

डम्प तयार झाल्यावर त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. त्यानंतरच प्रोग्रॅम बंद करायचा.

३. मी प्रोग्रॅम बंद करून बसलोय. किंवा रीस्टार्टच केलाय. आता?

प्रोग्रॅम बंद झाला की त्याची मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत जाते. ती दुसऱ्या प्रोग्रॅमला देण्याआधी विंडोज आणि लिनक्स दोन्ही शून्यांनी पुसतात. ही पुसापुशी मात्र बंद केल्याच्या क्षणीच होईल असं नाही. मधल्या वेळात मजकूर रॅममध्ये बेवारस पडलेला असू शकतो. तो हवा तर अख्ख्या रॅमची नक्कल घ्यावी लागते, त्याबद्दल नवव्या प्रश्नात. तोपर्यंत नवीन काही उघडू नका.

रीस्टार्ट झाला असेल तर रॅमची आशा सोडा आणि डिस्ककडे वळा. रॅम कमी पडली की विंडोज काही भाग 'पेजफाइल'मध्ये हलवते. लॅपटॉप हायबरनेट झाला असेल तर रॅमचा मोठा हिस्सा 'हायबरफिल' नावाच्या फाइलमध्ये दाबून भरलेला असतो. इथे एक गैरसमज नेहमी भेटतो. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे, म्हणून शट डाउन केल्यावरही सगळं त्या फाइलमध्ये मिळेल असं लोकांना वाटतं. तसं नाही. त्यात तुमचं सत्र आधी बंद होतं आणि फक्त सिस्टिमचा गाभा साठवला जातो. तुमचा लेख त्यात सहसा नसतो.

वीज गेली की रॅम क्षणात कोरी होते हेही पूर्ण खरं नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की चिप उणे ५० अंशांपर्यंत थंड केली तर वीज तोडल्यावरही त्यातले बहुतेक बिट काही मिनिटं टिकतात. थंड करायला त्यांनी धूळ उडवायचा हवेचा डबा उलटा धरून फवारला होता. त्यांना त्यातून कूटलेखनाच्या किल्ल्या (माहिती कुलूपबंद करणारे गुप्त आकडे) काढता येतात हे सिद्ध करायचं होतं. घरी हरवलेल्या लेखासाठी हा उपाय नव्हे.

४. डम्प घेतला, त्यात शब्द शोधला, पण 'सापडला नाही' येतंय. मजकूर खरंच गेला का?

बहुतेक वेळा गेलेला नसतो. तुम्ही त्याला भलत्याच रूपात शोधत असता.

'आई' हा शब्द घ्या. मेमरीत अक्षरं नसतात, आकडे असतात, आणि अक्षरांचे आकडे करायच्या पद्धती (एन्कोडिंग) एकाहून जास्त आहेत. युटीएफ-८ मध्ये 'आई' म्हणजे सहा बाइट: २२४ १६४ १३४ २२४ १६४ १३६. युटीएफ-१६ मध्ये, ज्यात विंडोजचे बहुतेक प्रोग्रॅम मजकूर ठेवतात, तोच शब्द चार बाइटचा: ६ ९ ८ ९. दोन्हींत एकही बाइट सारखा नाही. शोधसाधन युटीएफ-८ शोधत असेल आणि मजकूर युटीएफ-१६ मध्ये असेल तर जन्मात सापडणार नाही.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचंही (वेबपानं ज्या भाषेवर चालतात तिचंही) असंच. फक्त इंग्रजी मजकूर असेल तर अक्षरामागे एक बाइट, देवनागरीचं एक अक्षर आलं की मजकुराचा तो अख्खा तुकडा अक्षरामागे दोन बाइट घेतो. पायथन या भाषेत ३.३ आवृत्तीपासून पुढेही हीच रीत. सर्व्हरकडे पाठवायला तयार झालेला मजकूर मात्र युटीएफ-८ मध्ये असतो, नाहीतर टक्क्याच्या चिन्हांनी भरलेल्या रूपात. म्हणजे एकाच टॅबच्या डम्पमध्ये तुमचं वाक्य दोन-तीन वेगवेगळ्या पोशाखांत असू शकतं.

विंडोजवर एचएक्सडी हा फुकट मिळणारा हेक्स एडिटर पुरेसा आहे. हेक्स एडिटर फाइलचे बाइट दहाऐवजी सोळाच्या पायावरच्या अंकांत दाखवतो. शोधताना 'टेक्स्ट' निवडा आणि एन्कोडिंग युटीएफ-१६ लिट्ल-एन्डियन (लहान भागाचा बाइट आधी) ठेवा. मिळालं नाही तर युटीएफ-८ करून पुन्हा शोधा. लिनक्सवाल्यांची आवडती 'स्ट्रिंग्ज' आज्ञा मराठीसाठी जशीच्या तशी कामाची नाही. ती मुळात सात बिटांची साधी इंग्रजी अक्षरं शोधते आणि सलग चार मिळाली तरच छापते. देवनागरी ती ओलांडून पुढे जाते.

५. शब्दच आठवत नसेल तर? नुसत्या बाइटमध्ये मराठी ओळखता येते का?

येते, आणि फार सुरेख ओळखता येते. युनिकोड म्हणजे जगभरच्या अक्षरांची क्रमांकवार यादी. तिच्यात मराठीला लागणारी देवनागरीची अक्षरं एकाच पट्ट्यात आहेत, त्यामुळे युटीएफ-१६ मध्ये प्रत्येक अक्षराचा दुसरा बाइट ०९ असतो. हेक्स एडिटरमध्ये पान खाली सरकवत जा. एकाआड एक रकान्यात ०९, ०९, ०९ अशी उभी पट्टी दिसली की थांबा, तिथे देवनागरी आहे. मधली मोकळी जागा २० ०० अशी दिसते.

उजवीकडच्या मजकुराच्या रकान्यातही खुणा असतात. पहिला बाइट तिथे इंग्रजी चिन्ह म्हणून उमटतो आणि ०९ च्या जागी टिंब येतं. काही दिवसांच्या सरावाने कळायला लागतं: र म्हणजे ०, ल म्हणजे २, व म्हणजे ५, स म्हणजे ८, ह म्हणजे ९, प म्हणजे चांदणी, काना म्हणजे >, आणि पहिली वेलांटी म्हणजे प्रश्नचिन्ह. 'पारावर' हा शब्द तिथे असा दिसतो:

*.>.०.>.५.०.

मला आता हे वाचता येतं. सांगायला आनंद वाटतो.

६. मराठीत शोधताना आणखी काय सांभाळायचं?

याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, आणि निम्मे शोध इथेच फसतात.

पहिलं, विभक्ती. तुम्ही 'वरवंटा' शोधता, लिहिलेलं असतं 'वरवंट्यावर'. मग सापडणार कसं? शब्दाचा न बदलणारा भाग शोधा: 'वरवंट'. 'दूध' शोधलंत तर 'दुधात' सापडत नाही, कारण ऊकारसुद्धा बदलतो. असले शब्द टाळाच.

दुसरं, 'ऱ'. 'वाऱ्यावर' मधला ऱ्य तीन प्रकारे टाइप झालेला असू शकतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, र खाली नुक्ता देऊन, किंवा जुन्या कीबोर्डवर र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही एकसारखे दिसतात, बाइट तिन्हींचे वेगळे. 'ॲ' चंही तेच. युनिकोडमध्ये ते २००८ साली आलं. त्याआधीच्या मजकुरात, आणि काही कीबोर्डवर आजही, अ आणि वर चंद्र अशी दोन अक्षरं असतात. म्हणून शोधशब्दात ऱ, ॲ आणि जोडाक्षरं नकोत.

तिसरं, आकडे. '२०२४' देवनागरी आणि इंग्रजी अंकांत, दोन्ही शोधा.

चौथं, जुने फॉन्ट. छापखान्यातली आणि डीटीपीवाल्यांकडची कितीतरी कामं अजून श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये होतात. तिथे पडद्यावर 'आई' दिसतं, पण मेमरीत भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. युनिकोडने शोधून काहीही मिळणार नाही. त्याच फॉन्टमध्ये तो शब्द दुसऱ्या फाइलमध्ये टाइप करा, ती साधा मजकूर म्हणून सेव्ह करा, हेक्स एडिटरमध्ये उघडून बाइट उतरवून घ्या आणि डम्पमध्ये ते बाइट शोधा.

७. मजकूर सापडला, पण तुकड्यांत आणि तीनतीनदा. असं का?

आमच्या शेजारच्या काकूंनी तीन संध्याकाळी बसून आपल्या आईच्या आठवणी टाइप केल्या होत्या. संगणक रोज नुसता झोपवून ठेवायच्या, सेव्ह एकदाही केलं नव्हतं. तिसऱ्या रात्री प्रोग्रॅम गोठला. त्यांनी काही बंद न करता मला हाक मारली, हे नशीब.

डम्प घेतला आणि मी आधी 'आई' शोधलं. हजारो ठिकाणी मिळालं. चार बाइटचा शब्द, कुठेही जुळतो, शिवाय शुद्धलेखन तपासणीचा कोशही त्याच मेमरीत. मी विचारलं, 'काकू, तुमच्या लेखात असा कुठला शब्द आहे, जो दुसऱ्या कुणी लिहिला नसता?' त्या म्हणाल्या, 'वरवंटा. आई पुरण पाट्यावर वाटायची, पुरणयंत्र तिला कधी पटलंच नाही.' 'वरवंट' शोधलं आणि सात जागा मिळाल्या. एक कोशातली. बाकीच्या सहा त्यांच्या वाक्यांतल्या.

सहा का? अन-डू करता यावं म्हणून प्रोग्रॅम जुनी रूपं जपून ठेवतात. पडद्यावर दाखवायला एक प्रत वेगळी, शुद्धलेखन तपासायला आणखी एक. परिच्छेद क्रमाने नव्हते, कारण बरेच एडिटर मजकूर सलग ठेवत नाहीत. तुम्ही मध्ये ओळ घातली की ती दुसरीकडे कुठेतरी लिहिली जाते, आणि 'इथून एवढं, मग तिथून एवढं' अशी यादी बाळगली जाते. ईमॅक्स हा एडिटर कर्सरपाशी मोकळी जागा ठेवतो, त्यामुळे तुम्ही टाइप करत होतात नेमक्या त्याच जागी मजकूर दुभंगलेला मिळतो.

म्हणून सापडलेल्या प्रत्येक जागेच्या आधीचे आणि नंतरचे काही हजार बाइट उचला, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, आणि जुळवण्याचं काम ज्याने लिहिलं त्यालाच करू द्या. काकूंनी दोन तासांत लावलं. मला दोन दिवस लागले असते. एका परिच्छेदाची खोडलेली जुनी प्रत पाहून त्या म्हणाल्या, 'हेच बरं होतं,' आणि तीच ठेवली.

८. आकडा शोधायचा असेल तर?

आधी तो मजकूर म्हणून आहे की संख्या म्हणून, ते ठरवा. १००० ही संख्या चार बाइटच्या पूर्णांकात २३२ ३ ० ० अशी असते, लहान भाग आधी. हिशेबाच्या तक्त्यांचे प्रोग्रॅम बहुधा दशांश संख्यांचं आठ बाइटचं रूप वापरतात, ते आणखी वेगळं. एचएक्सडीमध्ये संख्या म्हणून शोधायची सोय आहे.

एकच आकडा हजार ठिकाणी मिळतो. गेम खेळणाऱ्या पोरांना यावरची युक्ती चांगली ठाऊक असते: आकडा शोधा, प्रोग्रॅममध्ये तो बदला, मग आधीच्या जागांपैकी नवा आकडा कुठे आहे तेवढंच बघा. तीन-चार फेऱ्यांत एखादी जागा उरते. चीट इंजिन आणि लिनक्सवरचं स्कॅनमेम हेच करतात. यासाठी प्रोग्रॅम जिवंत हवा, डम्पवर हे जमत नाही.

९. संपूर्ण रॅममध्ये शोधायचं असेल तर?

विंडोजवर विनपीमेम, लिनक्सवर लाइम किंवा मायक्रोसॉफ्टचं एव्हीएमएल ही साधनं अख्ख्या रॅमची नक्कल घेतात. प्रशासकाचे अधिकार लागतात. नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्या. चालू संगणकाची नक्कल घेताना मेमरी बदलतच असते, त्यामुळे शेवटचा भाग वाचेपर्यंत पहिला भाग जुना झालेला असतो. शिवाय नक्कल घेणारा प्रोग्रॅम स्वतःही थोडी रॅम खातो. एकदाच चालवा आणि योग्य तेच साधन चालवा.

खरी अडचण पुढे आहे. मेमरी साधारण ४,०९६ बाइटच्या पानांत वाटलेली असते. ८ जीबीमध्ये अशी सुमारे २१ लाख पानं. प्रोग्रॅमला वाटतं आपली पानं ओळीने आहेत, प्रत्यक्षात ती रॅमभर विखुरलेली असतात. वाक्य पानाच्या काठावर तुटलं असेल तर त्याचा उरलेला भाग शेजारच्या पानावर असेलच असं नाही. कुठलं पान कुणाचं हे पेज टेबलवरून (पानांच्या जागांची सिस्टिमकडची यादी) पुन्हा जुळवावं लागतं, आणि त्यासाठी व्होलॅटिलिटी हे पायथनमध्ये लिहिलेलं मुक्त साधन आहे. २००७ पासून ते आहे आणि सायबर तपासात सर्रास वापरलं जातं. काही पानं विंडोज १० पासून मेमरीतच आकुंचित करून ठेवलेली असतात. त्यांतला मजकूर थेट शोधून मिळत नाही.

वेळेची काळजी करू नका. १९७७ सालची बॉयर-मूर ही रीत शब्दाच्या शेवटापासून जुळवत जाते आणि जुळलं नाही तर कित्येक बाइट उडी मारते. युटीएफ-१६ मराठीत दर दुसरा बाइट ०९ असल्याने तिच्या उड्या आखूड पडतात, तरी काही जीबीचा शोध मिनिटांत होतो. एका वेळी शेकडो शब्द शोधायचे असतील तर १९७५ सालची अहो-कोरासिक रीत आहे, ती सगळे शब्द एकाच फेरीत बघते.

१०. मग माझे पासवर्डही असेच सापडतील?

हो. म्हणूनच डम्प फाइल कुणालाही पाठवायची नाही.

२०१४ मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीड या चुकीत ओपनएसएसएल (इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या सर्व्हरकडून बाहेरच्या कुणालाही एका वेळी ६४ केबीपर्यंत मेमरी मिळत होती, आणि तीत पासवर्ड, किल्ल्या, जे असेल ते येत होतं. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या टार्गेट दुकानांच्या गल्ल्यांवरच्या यंत्रांत शिरलेला प्रोग्रॅम मेमरीतच कार्डांचे क्रमांक शोधत होता. कार्ड घासल्यावर क्षणभर क्रमांक तिथे उघडा असतो. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली.

किल्ली तर शब्द माहीत नसतानाही सापडते. एईएस या कूटपद्धतीत १६ बाइटच्या किल्लीपासून १७६ बाइटची मालिका तयार होते आणि वेगासाठी ती मेमरीत ठेवली जाते. मालिकेतला प्रत्येक भाग आधीच्या भागांवरून गणिताने येतो, म्हणून ते गणित कुठे जुळतंय एवढंच बघायचं. प्रिन्स्टनच्या लोकांनी हेच केलं होतं. डिस्क कूटबद्ध केलेला लॅपटॉप प्रवासात नेताना झोपवू नका, पूर्ण बंद करा. झोपलेल्या लॅपटॉपच्या रॅममध्ये किल्ली जागीच असते.

११. हे कायदेशीर आहे का?

स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या मजकुरासाठी, हो. दुसऱ्याच्या संगणकातून मालकाच्या परवानगीशिवाय माहिती काढणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कचेरीचा संगणक असेल तर आधी लेखी विचारा.

डम्प पुरावा म्हणून वापरायचा असेल तर हातही लावू नका, तज्ज्ञाकडे द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलवरून गणिताने काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) नमूद करावी लागते.

१२. मोबाइलवर हे करता येईल?

रूट न केलेल्या, म्हणजे प्रशासकाचे पूर्ण अधिकार खुले न केलेल्या फोनवर नाही. एका ॲपला दुसऱ्याच्या मेमरीत शिरता येत नाही.

१३. काम झालं. डम्प फाइलचं काय करू?

मजकूर नीट जुळला, छापून किंवा दुसऱ्या ठिकाणी सेव्ह करून पुन्हा एकदा वाचला, की मग डम्प पुसा. आधी नको. काकूंना चौथ्या दिवशी एक परिच्छेद आठवला होता, तोही त्यात निघाला. पुसताना टेम्प फोल्डरातली मूळ फाइल, दुसऱ्या डिस्कवरची प्रत आणि रीसायकल बिन, तिन्ही ठिकाणी बघा.